चामखीळ

यल्लोजी सांबरेकरची रेघ मला पाठ होती,
त्याच्या बायकोलाही नसेल एवढी.
कोनवाळ गल्लीत, छापखान्याच्या न्हाणीघरात
मी ब्लॉक करायचो. जस्ताचा पत्रा आम्लात,
नाकाला ओला रुमाल.
तो शाईनं काढायचा ते मी धातूत उभं करायचो:
पुढाऱ्याचं पोट तीन वळशांत,
फौजदाराची मिशी एका झटक्यात,
आणि म्हैस. म्हैस तो टाक न उचलता काढायचा
शिंगापासून शेपटीपर्यंत,
डाव्या हातात चहाचा कप.

सांबऱ्याहून सायकलनं यायचा,
कॅरियरला दोन पुठ्ठ्यांत कागद, वर मेणकापड.
"काय करूलालास?" दारातनं विचारायचा
आणि उत्तराआधी निघून जायचा.

त्या वर्षी पाट्यांना डांबर लागत होतं.
रात्री यांच्या, पहाटे त्यांच्या.
बसच्या पाटीवरचं गाव गेलं,
दवाखान्याच्या पाटीवरची वेळ गेली.
हिंडलग्याची एक म्हातारी दोन तास
भलत्याच फलाटावर बसून राहिली
मांडीवर कोंबडं घेऊन.

यल्लोजीनं ती म्हातारी काढली.
तिच्यामागं दोन माणसं, पाठीला पाठ लावून
एकाच डब्यात ब्रश बुडवणारी.
डबा धरलेला तिसऱ्यानं,
त्याच्या नाकाच्या डाव्या बाजूला चामखीळ.
खाली शब्द एकही नाही.
अख्ख्या बेळगावात तसं नाक एकच,
आणि रस्त्यांच्या डांबराचा ठेकाही त्या नाकाकडंच.

रात्री नऊला दोघं आले.
आवाज चढवला नाही. स्टूल ओढून बसले.
एकानं वाकून आम्लाचं पातेलं बघितलं,
"यात बोट घातलं तर किती वेळ लागतो ओ?"
माझी धाकटी तेव्हा पाळण्यात होती.
हे कारण म्हणून सांगत नाही.
म्हणजे, सांगतोच आहे.
ब्लॉकवर सगळं उलटं असतं, डावं उजवीकडं.
कोरणी घेतली. टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका.
एकदा खरवडलं.

सकाळी त्यानं अंक बघितला,
घडी घातली, खिशात ठेवला.
दुपारच्या चित्रात म्हशीच्या नाकावर चामखीळ.
दुसऱ्या दिवशी फौजदाराच्या,
मग मंत्र्याच्या, नगरपालिकेच्या घड्याळाच्या,
गणपत गल्लीतल्या वांग्यालासुद्धा.
शाळेतली पोरं कोळशानं
एकमेकांची नाकं रंगवू लागली.
चन्नबसप्पा, ज्याला आमची अक्षरं येत नव्हती,
गल्ल्यामागं कात्रणं डकवायचा,
आणि ठेकेदार चहाला आला की
सगळं कॅन्टीन छताकडं बघायचं.
तो वकिलाकडं गेला म्हणे.
वकिलानं विचारलं, "वांग्यावरची चामखीळ
आपलीच आहे, असं आपलं म्हणणं आहे काय?"

फाल्गुनात सायकल रुळांपलीकडं सापडली,
चाक दुमडलेलं.
यल्लोजीच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली.
महिन्यानं तो डाव्या हातानं काढू लागला.
रेघ थरथरायची.
मी ती थरथर जशीच्या तशी जस्तात उतरवली,
एक केसही सरळ केला नाही.
मालक म्हणाले, जरा नीट करून घे की.
मी म्हटलं, नीटच आहे.

त्या दिवाळीला त्यानं पानभर गाव काढलं.
मागावरचे विणकर, कुंद्याची कढई, वकील,
दोन्ही बाजूंचे झेंडे, कोंबडंवाली म्हातारी,
कठड्याला टेकलेला तो स्वतः.
झाडून सगळ्यांना चामखीळ.
खाली कोपऱ्यात, अंगठ्याच्या नखाएवढा
नाकाला रुमाल बांधलेला एक माणूस.
रुमाल जरा खाली सरकलेला.
नाक स्वच्छ.

भिंग लावून मी बराच वेळ बघत बसलो.
कोरणी हातात होती.
पण जस्तावर भर घालता येत नाही,
काढताच येतं.
"काय करूलालास?" त्यानं दारातनं विचारलं,
आणि पहिल्यांदाच
तिथंच उभा राहिला.